चीफकाकांचा मुळा

चीफकाका बाजारातून रोज मुळा आणत. त्यांना स्वतःला मुळा आवडत नसे आणि वत्सलाकाकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तर त्याचा वासही सहन होत नसे. तरी थंडी पडली की रोज सकाळी चीफकाका सायकल काढून चौलहून रेवदंड्याच्या बाजारात जात आणि तासा-दीड तासाने हँडलला मुळ्याची जुडी लोंबकळवत परत येत. मुळ्याचा हंगाम संपला की लाल माठ येई, मग वांगी, मग मिरच्या. भाजी कोणतीही असो, दोन माणसांच्या घराला ती जास्तच होई. मग कुंपणापलीकडच्या आमच्या अंगणापर्यंत काकींचा आवाज येई, "अवो, त्या भाषेपायी आणि किती मुळा खायाचा आम्ही?"

मुळ्याचा आणि भाषेचा काय संबंध, हे चौलच्या आमच्या आळीत सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला सांगायला हवं.

चीफकाकांचं खरं नाव हरिश्चंद्र म्हात्रे. नौदलाच्या सिग्नल शाखेत त्यांची सगळी नोकरी झाली. चीफ पेटी ऑफिसर म्हणून ते निवृत्त झाले आणि त्यातला 'चीफ' गावाने उचलला. नोकरीच्या मधल्या काळात नौदलाने त्यांना पोर्तुगीज शिकायला पाठवलं होतं. तिथून एका प्रशिक्षण पथकाबरोबर दुभाष्या म्हणून ते आफ्रिकेतल्या, पोर्तुगीज बोलणाऱ्या मोझांबिकला गेले. तिथल्या खलाशांना आमच्या लोकांचं आणि आमच्या लोकांना तिथल्या खलाशांचं बोलणं समजावून देणं हे त्यांचं काम. परत आल्यावर त्यांना पुन्हा कधी कुणी पोर्तुगीजमध्ये एक वाक्यही विचारलं नाही. जहाजावर नाही, कचेरीत नाही, निवृत्त झाल्यावर तर नाहीच.

"सरकारनं भाषा दिली," ते म्हणत, "वर्दी जमा करून घेतली, ओळखपत्र जमा करून घेतलं. भाषा काय कुणी परत मागितली न्हाय. म्हणजे ती माझ्याच ताब्यात हाय. मग सांभाळाया नको?"

सुरुवातीला ते ती वाडीत सांभाळत. सकाळी पंप चालू केला की नारळी-पोफळींना शिंपण करताना आपण काय करतोय ते मोठ्याने पोर्तुगीजमध्ये सांगत फिरत. आता पाणी सोडतोय, आता पाट वळवतोय, या माडावर यंदा नारळ कमी आहेत. शाळेत जाताना आम्ही मुलं कुंपणाशी थांबून ऐकायचो. कुणीतरी काकींना विचारलंच, की काकांना काही होतंय का. काकी म्हणाल्या, "काय न्हाय झालं. माडांना आफ्रिकेची बातमी सांगतायत."

पण माड उलट बोलत नाहीत, ही अडचण होती. ती रेवदंड्याच्या बाजारात सुटली.

रेवदंड्याची खाडी ओलांडली की पलीकडे कोर्लई. तिथल्या किल्ल्याखालच्या वस्तीतली ख्रिस्ती माणसं बाहेर आपल्यासारखंच मराठी बोलतात, पण घरात त्यांची पोर्तुगीजमधून निघालेली एक वेगळी बोली आहे. पोर्तुगीजांच्या काळापासून ती तोंडातोंडी चालत आली आहे. तिथल्या काही बायका पूल ओलांडून रेवदंड्याला भाजी विकायला येत. त्यातल्या रोझामावशींनी मला तो पहिला दिवस सांगितला होता. "तुझा चीफ वांगी निवडीत होता. मी शेजारणीला आमच्या भाषेत बोलली, हा मिशीवाला एकेक वांगं असं दाबतो जसं काय पोरीला स्थळ बघतो. हा मान वर करून जवळजवळ आमच्याच भाषेत बोलला, मग पोरगी आतून किडकी निघाली तर कोण जबाबदार? अगो बाय! माझ्या हातातला तराजू पडला. आमच्या तीन पिढ्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर गिऱ्हाइकाला नावं ठेवीत आल्या, कोणाला काय कळलं न्हाय. आणि हा सायकलवाला आला!"

त्या दिवसापासून चीफकाका रोज जाऊ लागले. नुसतं बोलायला जाऊन कुणाच्या धंद्याची खोटी करणं त्यांना पटत नव्हतं, म्हणून भाजी घेत. तोच तो मुळा.

आता यात मी कुठून आले ते सांगते. माझे पप्पा अलिबाग-रेवदंडा मार्गावर टमटम चालवतात. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. चौलची मराठी शाळा, मग अलिबागचं कॉलेज, आणि नंतर नौदलात अधिकारी म्हणून माझी निवड झाली. निवडीच्या मुलाखतीला कसं बसायचं, कसं उठायचं, हेसुद्धा मला चीफकाकांनी त्यांच्या ओटीवर खुर्ची टाकून शिकवलं होतं. पुढे नौदलाने भाषांसाठी नावं मागवली तेव्हा मी पोर्तुगीज लिहिलं, ते माडांना बातम्या सांगणाऱ्या त्यांच्या आवाजामुळेच. दिल्लीत वर्षभर शिकले. चांगल्या गुणांनी पास झाले. मग माझी बदली विशाखापट्टणमला झाली. तिथे दिवसभर फायली, मिटिंगा, आणि पोर्तुगीज समजणारं चिटपाखरू नाही. माझीही भाषा हातची चालली आहे, हे मला कळलंच नाही. मोझांबिकला पुन्हा एक पथक जाणार आणि त्यासाठी भाषेची तोंडी परीक्षा नव्याने द्यावी लागणार, असं पत्र आलं तेव्हा मी आरशासमोर उभी राहून स्वतःची ओळख सांगायला गेले. चौथ्या वाक्याला शब्द संपले.

परीक्षेआधी माझी रजा होती. मी घरी आले, तोवर पप्पांनी टमटममधल्या प्रत्येक माणसाला सांगून टाकलं होतं, "आमची सुजाता आफ्रिकेला चालली." अलिबाग ते रेवदंडा अख्खा रस्ता मला आफ्रिकेला पोहोचवून मोकळा झाला होता. मी तशीच चीफकाकांकडे गेले.

काका ओटीवर सुपाऱ्या सोलत होते. मी परीक्षेचं सांगितलं. ते ताडकन उठले, लुंगी सारखी केली, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "बॉम दिआ, मॅडम!" म्हणजे शुभ सकाळ.

काकी आतून म्हणाल्या, "अवो, शेजारच्या मंदाची पोरगी हाय ती. मॅडम काय?"

"लेसनच्या टायमाला ती ऑफिसर हाय. लेसन संपला की मंदाची पोरगी."

हे त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. शिकवताना मला 'मॅडम' म्हणत आणि मॅडमची अजिबात गय करत नसत. त्यांची रीत एकच होती. थांबायचं नाही. शब्द आठवला नाही तर त्याला वळसा घालून जायचं. वही नाही, शब्दकोश नाही. 'झारा' आठवला नाही तर 'भोकं असलेला मोठा चमचा' म्हणायचं, पण तोंड चालू ठेवायचं. मी अडले की ते हातातली सुपारी फळीवर आपटत. "उभी राहू नको, बोल! उभ्या बोटीच्याच बुडाला शिंपले धरतात. चालत्या बोटीला न्हाय धरत."

चार दिवसांनी त्यांनी मला सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसवून बाजारात नेलं आणि रोझामावशींच्या शेजारी गोणपाटावर बसवलं. "आजपासून मॅडमची ड्यूटी इथं. गिऱ्हाइकाशी मराठी, आपसात आपली भाषा. मराठीत बोलली तर तिला मुळा द्या खायाला."

मी मुळे विकू लागले. रोझामावशी एका दमात इतकं बोलत की मला श्वास घ्यायला वेळ मिळत नसे. सुनेचं, गुडघ्याचं, पुलावरच्या खड्ड्यांचं, समोरच्या मटणवाल्याचं. पहिल्या दिवशी मला निम्मंच कळलं; मीच विसरलेय, असं मला वाटलं. आठवड्याभरात मी समोरच्या गिऱ्हाइकाच्या टोपीवर काहीतरी बोलून गेले आणि मावशी इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडात धरावा लागला. माझी जीभ सुटली होती.

घरी मात्र आईचा चेहरा उतरला होता. "अख्ख्या रेवदंड्यात बोभाटा झालाय. ठाकुरीण मला विचारत होती, तुमची पोरगी ऑफिसर ना, मग नोकरीवरनं काढली का? मुळे विकत होती."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? म्हटलं, परीक्षेचा अभ्यास करतेय. ती अशी बघायला लागली माझ्याकडे!"

रजेच्या शेवटी मी परीक्षेला मुंबईला गेले. समोर तीन जण होते. मधल्या बाई वयाने मोठ्या, पोर्तुगालमध्ये बरीच वर्षं शिकवून आलेल्या. त्यांनी सांगितलं, तुमच्या गावच्या बाजाराचं वर्णन करा. मला मनात हसूच आलं. मी सुरू झाले. खाडी, पूल, गोणपाट, तराजू, मुळ्याचा हंगाम, घासाघीस करणाऱ्या बायका. एकदाही थांबले नाही. बोलता बोलता लक्षात आलं, की बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आहे आणि बाकीचे दोघे एकमेकांकडे बघत आहेत.

"ही भाषा तुम्ही कुठे शिकलात?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "दिल्लीत. आणि अलीकडे आमच्या बाजारात."

त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. मी जे बोलले त्यातलं अर्ध्याहून अधिक मोझांबिकमध्ये कुणाला कळणार नाही. शब्द ओळखीचे वाटतात, पण त्यांची ठेवण, चाल, सगळं वेगळं. कित्येक शतकं आपल्या वाटेने चाललेली ती स्वतंत्र बोली आहे, आपल्या जागी ती पूर्ण आहे, पण परीक्षा तिची नाही. "तुमच्यासारखं न अडखळता बोलणारं आज कुणी आलं नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून नापास करायला हात धजत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा या. तेव्हा मला दिल्लीत शिकलेली मुलगी भेटायला हवी."

रजा दोन आठवड्यांनी वाढवून घेऊन मी रो-रो बोटीने परत येत होते आणि मला परीक्षेपेक्षा दुसरीच काळजी लागली होती. चीफकाकांना हे सांगायचं कसं? इतकी वर्षं मुळे वाहून आणून त्यांनी जे जपलं, ते नौदलाने दिलेलं पोर्तुगीज राहिलंच नव्हतं. रोज थोडं थोडं करत ते कोर्लईचं होऊन गेलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. आळीतल्या प्रत्येकाला ते अभिमानाने सांगत, आजही मोझांबिकला उतरवा, दुसऱ्या मिनिटाला कामाला लागेन. न सांगावं असंही मनात आलं. पण मग पुढचे दोन आठवडे मी त्यांच्याकडे जाणार कशी आणि न जाण्याचं कारण काय देणार?

मी सरळ वाडीत गेले. ते पाट वळवत होते. मी सगळं सांगितलं, बाईंचे शब्दही न बदलता. काका फावड्यावर हात ठेवून उभे राहिले. पाटाचं पाणी भलत्याच आळ्यात जाऊन ओसंडू लागलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मग म्हणाले, "फोनवर तिकडचा रेडिओ लागतो ना? लाव."

मी मोझांबिकचं एक केंद्र लावलं. बातम्या चालू होत्या. काका माडाला टेकून बसले आणि डोळे मिटून ऐकू लागले. एकदा त्यांच्या ओठांनी एका शब्दाच्या मागे जायचा प्रयत्न केला, पण निवेदक पुढे निघून गेला. बातम्या संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"व्हय," ते म्हणाले. "बाई बरोबर हायेत. मला वाटत होतं मी बोट नांगरून ठेवलीय. नांगर कधीच सुटला. वाहवत वाहवत कोर्लईच्या धक्क्याला लागली."

काकी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "बरं झालं. लांब कुठं न्हाय गेली. सायकलनं जाता तरी येतं."

काका काकींकडे बघत राहिले आणि मग असे हसले की चहा लुंगीवर सांडला. "ऐकलंस, मॅडम? कमांडिंग ऑफिसर बोलला." लुंगी झटकत म्हणाले, "सरकारनं दिली तेव्हा परकी होती ती भाषा. आता गावची झालीय. माझी काय तक्रार न्हाय. पण तुला जायचंय तिकडं, तुझं काम कोर्लईच्या बोलण्यावर न्हाय भागायचं. चल, बोट ओढून घेऊ, बूड खरवडू."

दुसऱ्या दिवसापासून ओटीवर रेडिओ सुरू झाला. यावेळी गुरू कुणी नव्हतं, आम्ही दोघेही शिकाऊ होतो. निवेदक एक वाक्य बोले, मी थांबवी, दोघे म्हणून बघत असू. माझं दिल्लीतलं शिक्षण हळूहळू वर येऊ लागलं. जिथे मला नियम आठवे तिथे मी काकांना सांगे, जिथे मी अडे तिथे त्यांची सुपारी फळीवर आपटे. सत्तरीच्या पुढचा माणूस, पण वाक्य चुकलं की शाळकरी पोरासारखी जीभ चावे. पीकपाण्याच्या, फुटबॉलच्या, बंदरात लागलेल्या जहाजांच्या बातम्या आम्ही पाठ केल्या. बाजारातला फेरा मात्र त्यांनी सोडला नाही. त्यावर रोझामावशींची तक्रार आलीच. "चीफला काय झालं गो? परवा माझ्या गुडघ्याची चौकशी केली ती अशी, जसं काय साहेब भाषण देतो. गुडघा जास्तच दुखायला लागला!"

दोन आठवड्यांनी मी पुन्हा परीक्षेला गेले. बाईंनी पुन्हा बाजाराबद्दलच विचारलं. मी तोच बाजार सांगितला, तशीच न थांबता, पण यावेळी रेडिओच्या पोर्तुगीजमध्ये. मध्ये एकदा रोझामावशींचा एक शब्द निसटलाच. बाईंनी तो ऐकला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हसून पुढचा प्रश्न विचारला. मी पास झाले.

मोझांबिकला निघायच्या दिवशी मी काका-काकींच्या पाया पडायला गेले. माझ्या हातात लाडवाचा डबा देऊन काकी म्हणाल्या, "तिकडं मुळा मिळतो का गं?" काका टाचा जुळवून उभे राहिले. पण सलाम करायला उचललेला हात त्यांनी मध्येच वळवून माझ्या डोक्यावर ठेवला. लेसन संपला होता.

तिकडे मी दोन वर्षं होते. दर रविवारी फोन करायचा, ही त्यांची अट. फोनवर ते स्वच्छ, रेडिओसारखं बोलायचा प्रयत्न करत, आणि रंगात आले की कोर्लईत शिरत. एकदा मी आमच्या तळावरच्या स्वयंपाक्याला, जुआंवला, फोन दिला. दोघे बराच वेळ बोलले. फोन परत देताना जुआंव म्हणाला, "तुमच्या काकांचं सगळं कळलं नाही, पण फार छान सांगतात. मला वाटतं आमची आजी अशी बोलली असती, जर ती तुमच्या गावात जन्मली असती." मी हे काकांना सांगितलं. पलीकडे ते लगेच काकींना मोठ्याने सांगायला लागल्याचं ऐकू आलं.

माझं काम संपायला थोडे महिने असताना चीफकाका गेले. सकाळी पंप चालू करून माडाखाली बसले ते उठले नाहीत. पाणी पाटातून वाहत होतं. काकींनी मला फोनवर सांगितलं तेव्हा त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "बोलत बोलतच गेले असतील. उभे न्हाय राहिले कधी."

परत आल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. दाराला कडी होती. शेजारणीने सांगितलं, काकी बाजारात गेल्यात, हल्ली रोजच जातात. मी रेवदंड्याला गेले. गोणपाटावर रोझामावशींच्या शेजारी, मी बसायचे त्या जागेवर, वत्सलाकाकी बसल्या होत्या. मावशी त्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत होत्या आणि काकी मान डोलावत होत्या. इतकी वर्षं कुंपणाआड, ओटीवर, फोनवर ऐकून त्यांना ती कळत होती. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी पुढे झाले आणि मोझांबिकमध्ये घासून पुसून आणलेल्या पोर्तुगीजमध्ये रोझामावशींना म्हटलं, की तुम्हाला भेटून मला अतिशय आनंद होत आहे.

मावशींनी मला नखशिखांत न्याहाळलं. मग काकींकडे वळून म्हणाल्या, "घ्या! रेडिओ आला परत."

मी हसले आणि त्यांच्या बोलीत उत्तर द्यायला गेले. शब्द येईना. दोन वर्षांत तीही मागे पडली होती. मी तोंड उघडून तशीच उभी राहिले, तेव्हा काकींनी जुडीतला एक मुळा उचलला आणि समोरच्या फळीवर आपटला.

"उभी राहू नको," त्या म्हणाल्या, "बोल!"

मी गोणपाटावर बसले. वळसा घालत, चुकत बोलू लागले. मावशी दुरुस्त करत होत्या, काकी मध्येच हसत होत्या आणि गिऱ्हाईक आलं की आम्ही तिघी मराठीत भाव सांगत होतो.

घरी पोहोचले तेव्हा आईने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत डोकावून पाहिलं.

"मुळा?" ती म्हणाली. "अगं, आपल्याकडे कोण खातं मुळा?"

"सवय कर," मी म्हटलं. "रजा संपेपर्यंत रोज येणार आहे."